घराण्याचा करीना : कुटुंबकथा आणि तरुणांची नेतृत्वजाणीव

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठेशाहीच्या काळात वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे वादी आणि प्रतिवादी या दोघांनाही गोतसभेपुढे आपापला करीना सादर करावा लागे. आपला मूळपुरुष कोण, तो कोठून आला, दुष्काळात किंवा परचक्रात घराणे कसे परागंदा झाले, कोणत्या पिढीत ते पुन्हा वतनावर आले, मध्यंतरी कोणी दगा केला आणि कोणी पाठ राखली, ही सारी हकीकत त्यात पिढीवार सांगितलेली असे. मग प्रतिपक्षाची तकरीर, म्हणजे आपली बाजू मांडणारी जबानी, होई, साक्षी होत, आणि निवाडा ठरल्यावर महजरावर, म्हणजे निवाडापत्रावर, पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू अशा निशाण्या उमटत. जेधे देशमुखांचा करीना आज आपण शिवकालाच्या इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासितो. परंतु ज्या घराण्याने तो लिहविला त्याच्या दृष्टीने ‘आम्ही कोण, आणि म्हणून आमच्याकडे काय चालत आले आहे’ या प्रश्नाचे ते उत्तर होते.

आजच्या विशीतल्या मुलामुलींना असा करीना कोणत्याही कचेरीत दाखल करावा लागत नाही. तथापि महाविद्यालयाच्या विद्यार्थिमंडळात, गावच्या ग्रामसभेत, सहकारी पतपेढीच्या बैठकीत किंवा नव्या नोकरीतल्या चारपाच जणांच्या तुकडीत एखादे काम बेवारस पडलेले दिसते, आणि ‘हे मी अंगावर घ्यावे काय, घेतले तर लोक मला मानतील काय, आणि फसले तर मी सावरेन काय’ असे तीन प्रश्न एकदमच उभे राहतात, तेव्हा त्यांचे उत्तर शोधताना तरुण मन नकळत घरी ऐकलेल्या गोष्टींचे दफ्तर उघडते. आजोबांनी सावकाराचे कर्ज कसे फेडले, आत्याने विरोध सोसून शिक्षिकेची परीक्षा कशी दिली, गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी घर कसे चालविले, चुलत्याने गावकीच्या पैशाचा हिशेब का दिला नाही, असे कागद त्या दफ्तरात असतात, आणि त्यांतला एखादा तरी त्या घटकेला हाती लागतो.

या कथांचा तरुणांच्या नेतृत्वविषयक आत्मप्रत्ययाशी नेमका संबंध काय, या प्रश्नाचा विचार विसाव्या शतकाच्या मध्यापासून मानसशास्त्राने एका बाजूने आणि नेतृत्वमीमांसेने दुसऱ्या बाजूने केला आहे. त्या दोन्ही विचारांचा आढावा घ्यावा आणि त्यांच्या शेजारी मराठी चरित्र-आत्मचरित्रांची साक्ष ठेवून पाहावी, हा या लेखाचा हेतू आहे. ही सर्व सामग्री पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, कुटुंबकथा तरुणाच्या हाती अधिकाराची सनद म्हणून पडली तर ती त्याचे नेतृत्व खुंटविते, ऋणाची नोंद म्हणून पडली तर ते वाढविते. आणि ती नोंद खरी की खोटी हे तपासण्याची मोकळीक ऐकणाऱ्याला असली, तरच ती त्याची स्वतःची होते.

२. आत्मकथा जुळण्याचे वय

या विचाराचा आरंभ बहुधा एरिक एरिक्सन यांच्यापासून केला जातो. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात त्यांनी मानवी आयुष्याच्या अवस्था कल्पिल्या, आणि त्यांत तारुण्याच्या उंबरठ्यावर ‘मी कोण’ या प्रश्नाला, तर प्रौढपणी ‘माझ्या मागे मी काय ठेवून जाणार’ या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान दिले. या दोन अवस्था एकाच घरात, एकाच छपराखाली आणि एकाच वेळी नांदत असतात, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कारण मुलाला स्वतःची ओळख हवी असते त्याच सुमारास आईबापांना आपले संचित कोणाच्या तरी ओटीत घालावयाचे असते, आणि या दोन गरजांची गाठ ज्या ठिकाणी पडते ते ठिकाण म्हणजे घरात सांगितली जाणारी गोष्ट. एरिक्सन यांना स्वतःला मात्र आपला जन्मदाता पिता कोण हे अखेरपर्यंत कळले नाही. सावत्र वडिलांचे होम्बुर्गर हे आडनाव लावून ते वाढले, आणि अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यावर १९३९ मध्ये त्यांनी ‘एरिक्सन’, म्हणजे एरिकचा पुत्र, असे नाव धारण केले. ज्याला घरचा करीना लाभला नाही त्यानेच अस्मितेची मीमांसा जगापुढे मांडावी, आणि पुढे ल्यूथर व गांधी यांच्या नेतृत्वाचा उगम त्यांच्या तारुण्यात आणि पितृसंबंधांत शोधावा, यात त्या उणिवेचाही वाटा असला पाहिजे.

एरिक्सन यांचा धागा डॅन मॅकॅडम्स यांनी १९८५ पासून पुढे नेला. माणसाची ओळख म्हणजे त्याच्या गुणांची यादी नसून त्याने आपल्या भूत, वर्तमान आणि भविष्य यांची जुळविलेली एक कथा होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही कथा जुळविण्याची शक्ती केव्हा येते, याचा ऊहापोह टिलमन हाबरमास आणि सुसान ब्लक यांनी २००० साली केला. घटनांचा कालक्रम लहान मुलालाही लावता येतो, परंतु ‘असे घडले म्हणून मी असा झालो’ हा कार्यकारणभाव आणि ‘माझ्या आयुष्यात हे सूत्र पुन:पुन्हा येते’ ही एकसूत्रता यांची जाण पौगंडावस्थेतच उमलते, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच वर्षी जेफ्री आर्नेट यांनी १८ ते २५ या वयाला ‘उगवते प्रौढत्व’ असे स्वतंत्र नाव दिले. या तिन्हींचा अन्वय लावला म्हणजे असे दिसते की, आठव्या वर्षी आजीच्या मांडीवर ऐकलेली गोष्ट मुलाला केवळ रंजविते. पण तीच गोष्ट अठराव्या वर्षी आठवली म्हणजे तो तिला जाब विचारतो. आजोबांनी नोकरी सोडली ती कोणत्या कारणाने, त्याचे फळ कोणी भोगले, आणि मी त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, हे प्रश्न त्या वयाचे आहेत, आणि नेतृत्वाच्या जाणिवेला पालवी फुटते ती याच प्रश्नांतून.

३. वीस प्रश्नांची चाचणी

कुटुंबकथांचा प्रत्यक्ष परिणाम मोजण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी केला. त्याला निमित्त झाली ड्यूक यांच्या पत्नीची एक निरीक्षणवजा सूचना : अध्ययनात अडचणी असलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांना असे आढळले होते की, ज्या मुलांना आपल्या घराण्याविषयी पुष्कळ माहिती असते ती मुले संकटाला अधिक धीराने तोंड देतात. तेव्हा वीस प्रश्नांची एक चाचणी सिद्ध झाली. तुझे आजीआजोबा कोठे वाढले, आईवडिलांची गाठ कशी पडली, तुझ्या जन्माच्या वेळी काय घडले, घराण्यात कोणावर मोठे आजारपण वा अरिष्ट कोसळले होते काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न. २००१ च्या उन्हाळ्यात काही डझन कुटुंबांकडून त्यांची उत्तरे घेण्यात आली, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्या घरांत होणारी संभाषणेही ध्वनिमुद्रित झाली. ज्या मुलांना अधिक उत्तरे ठाऊक होती त्यांचा आत्मसन्मान अधिक होता, आणि आपल्या आयुष्याचे सुकाणू आपल्या हाती आहे ही भावनाही त्यांच्यात अधिक बलवान होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी अमेरिकेवर ११ सप्टेंबरचा दहशतवादी हल्ला झाला. त्या मुलांची पुन्हा पाहणी केली असता, घराण्याची अधिक माहिती असलेली मुले त्या धक्क्यातून अधिक चांगल्या रीतीने सावरली, असे अभ्यासकांना दिसले.

घराण्याच्या कथांचे तीन घाट या अभ्यासकांनी सांगितले. पहिला चढता : आम्ही रिकाम्या हातांनी आलो आणि आज हे वैभव उभे केले. दुसरा उतरता : आमच्याकडे सारे होते, ते गेले. तिसरा हेलकावे घेणारा : चांगले दिवस पाहिले, वाईटही पाहिले, परंतु जे आले ते आम्ही एकत्र राहून सोसले. हा तिसरा घाट मुलांना सर्वाधिक बळ देतो, असे त्यांचे मत आहे, आणि त्यामागील कारण सहज ध्यानात येण्यासारखे आहे. चढत्या कथेच्या श्रोत्याला आपले पहिले अपयश म्हणजे घराण्याला लागलेला बट्टा वाटतो आणि उतरत्या कथेच्या श्रोत्याला प्रयत्नच व्यर्थ वाटतो. परंतु ज्याच्या घरच्या कथेत पडणे आणि उठणे या दोहोंना जागा असते, त्याला स्वतःच्या पडण्याचेही स्थान सापडते. नेतृत्व करू पाहणाऱ्याला अपयश चुकत नाही, म्हणून हे स्थान सापडणे ही त्याची पहिली गरज आहे.

येथे एक खुलासा अगत्याचा आहे, आणि तो ड्यूक यांनी स्वतःच केला आहे. वीस उत्तरे पाठ करून घेतल्याने मूल धीराचे होणार नाही. उत्तरे ठाऊक असणे हे ज्या सहवासाचे चिन्ह आहे, म्हणजे जेथे थोरांना सांगावेसे वाटते आणि लहानांना ऐकावेसे वाटते असा निवांत सहवास, त्याचे हे फळ होय.

४. नेतृत्वमीमांसेतील विचार

नेतृत्वाच्या अभ्यासकांनी या बाजूस वळण्यास बराच विलंब लावला. नेत्याच्या अंगचे गुण कोणते, त्याची कार्यपद्धती कोणती, याच विचारात विसाव्या शतकाचा मोठा भाग खर्ची पडला. बोआझ शमिर आणि गालित एलाम यांनी २००५ साली असे मांडले की, नेत्याला अनुयायी का मानतात आणि नेता स्वतःला नेता का मानतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुतांशी त्याच्या जीवनकथेत असते. नेत्यांच्या आत्मकथनांत त्यांना मुख्यतः चार सूत्रे आढळली : नेतृत्व हा आपला उपजत स्वभाव होता, ते संकटाशी झुंजताना आले, एखाद्या ध्येयाचा शोध लागला तेव्हा ते आले, किंवा अनुभवांतून शिकत शिकत ते घडले. या चारही सूत्रांची पहिली उदाहरणे माणसाने बहुधा घरीच ऐकलेली असतात, हा पुढचा दुवा त्या लेखकद्वयाने फारसा तपासला नाही. परंतु कुटुंबकथेच्या अभ्यासाशी त्यांचे विवेचन जोडले असता तो आपोआप जुळतो.

त्याच वर्षी सुसान कोमिव्हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सखोल मुलाखतींच्या आधारे नेतृत्वजाणिवेच्या सहा पायऱ्या वर्णिल्या. पहिल्या पायरीवर नेते हे कोणी तरी दुसरे असतात : आईवडील, शिक्षक, राष्ट्रपुरुष. मधल्या पायरीवर पद हेच नेतृत्व वाटते. अध्यक्ष तो नेता, बाकीचे अनुयायी. त्यानंतर एक वळण येते, आणि पद नसतानाही कार्याची धुरा वाहता येते, अनेकांनी मिळून वाहता येते, ही समज उदय पावते. घरच्या कथा या वळणाला साह्य करतात की अडथळा आणतात, हे त्या कथांच्या जातीवर अवलंबून राहील, असे मला वाटते. ज्या घरात केवळ पदांच्या कथा सांगितल्या जातात, म्हणजे कोण मामलेदार झाला, कोण सभापती झाला, तेथील मूल मधल्या पायरीवरच थबकण्याचा संभव अधिक. उलट प्लेगच्या साथीत आजीने शेजारच्या चार घरांना भाकरी पुरविली, ही कथा ज्याने ऐकली त्याला पदावाचून होणाऱ्या नेतृत्वाचे दर्शन आधीच घडलेले असते.

स्कॉट डेरू आणि सुसान ॲशफोर्ड यांनी २०१० मध्ये आणखी एक मर्म सांगितले : नेतेपण हे एकाने सांगावयाचे आणि दुसऱ्यांनी मान्य करावयाचे असते, दावा आणि मान्यता या दोहोंच्या देवघेवीतून ते सिद्ध होते. आपल्याकडील करीना आणि महजर यांचा संबंध ज्याला ठाऊक आहे त्याला हा विचार अपरिचित वाटणार नाही. मार्शल गांझ यांनी याच विचाराला अध्यापनाचे रूप दिले. १९६४ साली हार्वर्डचे शिक्षण अर्धवट सोडून ते मिसिसिपीतील नागरी हक्कांच्या लढ्यात गेले, पुढे सोळा वर्षे सेझार चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत राबले, आणि नंतर हार्वर्डमध्येच परतून तरुण कार्यकर्त्यांना ‘माझी कथा, आपली कथा आणि या घटकेची कथा’ अशा तीन अंगांनी बोलावयास शिकवू लागले. त्यांचे वडील यहुदी धर्मगुरू होते. वल्हांडणाच्या रात्री मिसरातील दास्यमुक्तीची कथा घरोघर अशी सांगितली जाते की, ऐकणाऱ्या मुलाने स्वतःच तेथून बाहेर पडल्यासारखे समजावे. हजारो वर्षांपूर्वीची कथा या घटकेच्या कर्तव्याशी कशी जोडावी, याचा पहिला पाठ गांझ यांना त्या भोजनाच्या पंगतीत मिळाला होता.

५. मराठी साक्ष

आपल्याकडे अशी मोजमापे फारशी झालेली नाहीत; परंतु आत्मचरित्रांचे जे दफ्तर मराठीत आहे ते या प्रश्नापुरते एखाद्या प्रयोगशाळेहून कमी मोलाचे नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण प्रथम घेण्याजोगे आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्यार्थिदशेत पुण्यास असताना, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी संस्कृत शिकतात हे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही ती विद्या द्यावयाची असा निश्चय केला. घरच्यांचा विरोध झाला, पंडितांपुढे झडती द्यावी लागली, आणि अखेरीस गंगामूळच्या अरण्यात संसार थाटून त्यांनी लक्ष्मीबाईंना शिकविले. त्याच अरण्यात १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला, आणि वडील थकल्यामुळे त्यांना संस्कृत शिकविले ते आईने. पुढे दुष्काळात मातापितरे आणि बहीण दगावली, आणि भावासह पायी हिंडत ही वीस वर्षांची तरुणी १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा त्या भावाखेरीज तिच्याजवळ घर, पैसा, आप्त यांपैकी काहीही नव्हते. होती ती विद्या आणि ती विद्या आपल्या आईला कशी मिळाली याची कथा. ‘स्त्रीने शिकावे’ हे मत रमाबाईंना कोणत्याही ग्रंथावरून बनवावे लागले नाही. त्या मतासाठी आपल्या घराने किती किंमत मोजली हे त्यांना जन्मापासून ठाऊक होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देणारी आणि १८८९ मध्ये शारदा सदन काढणारी रमाबाई ही त्या ऋणाची फेड करीत होती.

दुसरे उदाहरण साने गुरुजींचे. ‘श्यामची आई’ हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले, आणि त्याची मांडणीच मुळी रात्रीमागून रात्र सांगितलेल्या घरच्या गोष्टींची आहे. कोकणातील एका खोताच्या घराण्याचे वैभव ओसरत जाते, कर्ज वाढते, घर जाते, आई जाते. घटना पाहाव्या तर कथा सर्वस्वी उतरती, परंतु सांगणाऱ्याने तिच्यातून उचलले ते ओझे मात्र चढावाचे आहे. त्यातील एका प्रसंगी, लाकडांची मोळी पडलेल्या एका वृद्ध अस्पृश्य स्त्रीला मदत करावयास आई श्यामला पाठविते, आणि परत आल्यावर स्नान करावयास सांगते. आई आपल्या काळाच्या कुंपणापर्यंत गेली आणि तेथे थांबली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण आरंभिले, ते त्या कुंपणापलीकडचे पाऊल होते. कुटुंबकथेचे नेतृत्वात रूपांतर होते ते असे : थोरांनी जेथवर नेले तेथवर कृतज्ञतेने जावे, आणि जेथे ते थांबले ती जागा ओळखून तेथून पुढचे अंतर आपले मानावे.

यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली प्रसिद्ध झाले. प्लेगने वडील गेलेले, आई विठाई कष्टाने मुलांना शिकविते आहे, आणि कऱ्हाडच्या शाळेत शिक्षकांनी कोण होणार असे विचारल्यावर इतर मुले थोर पुरुषांची नावे सांगत असता हा मुलगा आपण यशवंतराव चव्हाणच होणार असे उत्तर देतो, ही आठवण महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ज्याच्या घरी पदांची परंपरा नव्हती त्याला उसने नाव घ्यावेसे वाटले नाही, याचे कारण मला असे दिसते की, आईच्या धीराची जी कथा तो रोज डोळ्यांनी पाहत होता ती त्याला पुरेशी होती.

आणि कथा जर अपमानाची असेल तर? नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ या १९९३ च्या ग्रंथात या प्रश्नाला उत्तर आहे. ओझर गावची महारकी झुगारून मुंबईला आलेल्या, शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या वडिलांनी उतारवयात मुलाच्या आग्रहावरून आपल्या आठवणी लिहून काढल्या, आणि मुलाने त्या ग्रंथरूप केल्या. बापाने गावापुढे दिलेला नकार हा त्या घराचा करीना झाला. त्यात वैभवाचा लवलेश नाही, परंतु एका माणसाने एका दिवशी ‘नाही’ म्हटले ही नोंद आहे, आणि तेवढ्या एका नोंदीवर पुढच्या पिढ्यांना उभे राहता आले.

६. आक्षेप आणि मर्यादा

इतके अनुकूल पुरावे मांडल्यावर प्रतिपक्षाची तकरीरही ऐकणे न्यायाचे होईल. पहिला आक्षेप कार्यकारणभावाचा. वर उल्लेखिलेल्या बहुतेक पाहण्या सहसंबंध दाखवितात. कथांमुळे मुले समर्थ झाली, की समर्थ आणि स्नेहपूर्ण घरांत कथाही अधिक सांगितल्या जातात, हे त्यांवरून निश्चित ठरत नाही. दुसरा आक्षेप आनुवंशिकतेचा. रिचर्ड आर्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेतील मिनेसोटामधील जुळ्या भावांचा अभ्यास करून, नेतृत्वाच्या जागा मिळण्यातील व्यक्तिव्यक्तींमधला सुमारे ३० टक्के फरक आनुवंशिक घटकांनी उलगडतो, असे दाखविले. जे आईबाप गोष्टी सांगतात तेच रक्तही देतात. तेव्हा या दोन दानांची विभागणी केल्यावाचून कथेच्या पदरी सारे श्रेय टाकणे योग्य होणार नाही. तथापि उरलेला मोठा हिस्सा परिस्थितीचा आहे हेही त्याच अभ्यासावरून दिसते. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात फुलर्टन येथे सुरू झालेल्या दीर्घकालीन पाहणीत, पौगंडावस्थेत बुद्धीला आणि उत्साहाला चालना देणारे घर लाभलेल्या मुलांचा आत्मप्रत्यय अधिक संपन्न झाला आणि २९ व्या वर्षी त्यांच्यात नेतृत्वाची क्षमताही अधिक आढळली, असा निष्कर्ष निघाला आहे. तेथे मोजले गेले ते घराचे वातावरण. कथा स्वतंत्रपणे मोजल्या गेल्या नाहीत.

तिसरा आक्षेप संस्कृतिभेदाचा. मॅकॅडम्स यांनी ज्या ‘उद्धाराच्या कथे’ला, म्हणजे दुःखातून कल्याणाकडे जाणाऱ्या जीवनकथेला, इतके महत्त्व दिले ती विशेषकरून अमेरिकन मनाची कथा आहे हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पेगी मिलर यांनी तैपेई आणि शिकागो येथील कुटुंबांची तुलना केली, तेव्हा असे आढळले की, शिकागोतील आईबाप मुलाच्या लहानपणच्या खोड्या विनोदाने सांगून त्याचा मान राखतात, तर तैपेईतील आईबाप त्याच खोड्यांच्या कथेतून त्याला वागणुकीचा धडा देतात. आपल्या घरांतील रीत पुष्कळदा तैपेईच्या जवळची आहे. शिवाय आपल्याकडे ‘मी’ची कथा क्वचितच एकट्या ‘मी’ची असते; इरावती कर्वे यांच्यासारख्या विदुषीने ‘परिपूर्ती’ या ललितलेखात स्वतःची ओळख सासरा, पती आणि मुले यांच्या नात्यांतून कशी पुरी होते याचे चित्र रेखाटले, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. म्हणून परदेशी चाचणीतील वीस प्रश्न जसेच्या तसे येथे लावण्याऐवजी आपले प्रश्न आपणच तयार केले पाहिजेत.

चौथा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर आक्षेप असा की, कुटुंबकथा खोटीही असते. घराणी आपल्या पूर्वजांची कुकर्मे गाळतात, दुसऱ्यांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या वाड्याला केवळ स्वतःच्या कर्तृत्वाचा वाडा म्हणतात, आणि राजकारणात तर आजोबांच्या सेवेची कथा नातवाच्या उमेदवारीची सनद म्हणून पुढे करतात. अशा कथेवर वाढलेल्या तरुणाला नेतृत्व हा वारसाहक्क वाटतो. लोकांनी जाब विचारला म्हणजे तो अपमान समजतो. करीन्याची जुनी पद्धत येथे आपल्याला काही शिकवू शकते. तो एकतर्फी स्वीकारला जात नसे. ज्यांना ती कथा बोचत होती त्यांनाही सभेत बोलण्याचा अधिकार होता.

७. न सांगितलेल्या कथा

या विषयाचा सर्वांत कमी अभ्यासिलेला भाग म्हणजे घरातील मौन. आपल्या वंशावळी पाहिल्या तर त्या पुत्रांच्या असतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात गावोगाव फिरणारे हेळवी पिढ्यान्‌पिढ्यांची नावे वाचून दाखवितात, तीर्थक्षेत्रीचे उपाध्याय आपल्या वह्यांत घराण्यांची नोंद ठेवतात, आणि विसाव्या शतकापासून अनेक कुळांनी आपले कुलवृत्तांत छापून काढले. परंतु त्या कागदांत मुलगी बहुधा लग्नापर्यंत असते आणि सून नवऱ्याच्या नावाखाली असते. स्त्रियांचा करीना निराळ्या दफ्तरात सापडतो, आणि ते दफ्तर म्हणजे जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. आईची, बहिणीची, लेकीची, सासरच्या जाचाची आणि पोटच्या धीराची जी हकीकत वंशावळीत कोठेच नाही ती त्यांत आहे. गिरण्या आल्या, जाती थांबली, आणि पहाटेच्या अंधारात आईकडून लेकीकडे जाणारी ती वाट बुजत गेली.

या मौनाचा नेतृत्वजाणिवेशी संबंध आहे, याचा एक अप्रत्यक्ष पण सबळ पुरावा पश्चिम बंगालमधून मिळतो. १९९३ च्या कायद्यान्वये तेथील काही गावांची सरपंचपदे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने स्त्रियांसाठी राखीव झाली. ४९५ गावांतील पाहणीत, ज्या गावांना दोन निवडणुकांत स्त्री सरपंच लाभली तेथे मुलगे आणि मुली यांच्याविषयीच्या आकांक्षांमधील अंतर आईबापांच्या मनात २० टक्क्यांनी आणि किशोरवयीन मुलामुलींच्या मनात ३२ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. गावात एक स्त्री कारभार करताना दिसली, तेवढ्याने मुलींच्या मनातील ‘मला काय होता येईल’ याचा आराखडा बदलला. मग जी मुलगी अशी स्त्री आपल्याच घराच्या कथेत भेटते तिचे बळ केवढे असेल! ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन जे काम केले त्याचे मोल यासाठी मोठे आहे : अनेक घरांतील आज्यांनी सभा घेतल्या होत्या, मोर्चांत भाग घेतला होता, आणि त्या घटनांची नोंद कोणीही ठेविली नव्हती.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समांशभागी केले. कथेच्या मिळकतीची वाटणी मात्र अजून जुन्याच रिवाजाने चालते; मुलाला पराक्रमाच्या गोष्टी आणि मुलीला सोसण्याच्या गोष्टी, अशी ती वाटणी आहे. तिच्यात दुरुस्ती करावयास कोणत्याही विधिमंडळाची संमती लागत नाही.

८. समारोप

हा आढावा संपविताना पुढील अभ्यासाच्या दोन दिशा सुचवाव्याशा वाटतात. एक, मराठी घरांत कोणत्या कथा, कोणाकडून, कोणत्या प्रसंगी सांगितल्या जातात, याची जिल्हावार नोंद व्हावी. आजोळच्या सुट्ट्या आणि एकत्र पंगती आता विरळ झाल्या आहेत, तेव्हा हे काम जितके लवकर होईल तितके बरे. दोन, एकाच घरातील भावंडांनी एकच कथा कशी निरनिराळी उचलली याचा अभ्यास व्हावा. कारण घर एक, गोष्ट एक, आणि तरी एक बहीण धुरा घेते आणि एक भाऊ मागे राहतो, या भेदाचे उत्तर अद्याप कोणत्याही सिद्धांताने समाधानकारक दिलेले नाही.

परंतु अभ्यासकांची वाट पाहत बसण्याचे घरांना कारण नाही. ज्यांच्या घरी वीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी आपला करीना सांगावा. त्यात कर्ज सांगावे, चूक सांगावी, ज्याचे आपण देणे लागतो त्याचे नाव सांगावे, आपण कोठे भ्यालो आणि कोठे थांबलो तेही सांगावे, आणि मुलाने उलट प्रश्न केला तर त्याला उद्धट म्हणू नये. ती मुलांची तकरीर आहे, आणि ती झाल्यावाचून निवाडा होत नाही. उद्या ते मूल एखाद्या सभेत उठून उभे राहील आणि बेवारस पडलेले काम अंगावर घेईल, तेव्हा त्याच्या पाठीशी पूर्वजांचा अधिकार नसला तरी चालेल. त्यांनी अर्धे सोडलेले काम कोणते हे त्याला ठाऊक असले म्हणजे पुरे. मग त्या महजरावर तो आपली निशाणी स्वतःच्या हाताने करील.